लाइव्ह व्याख्यान आणि लाइव्ह चर्चा: नाव एकच, तास वेगळा

अमेरिकेत मुलांना घरीच शिकवणाऱ्या कॅथलिक कुटुंबांत मूल नववीत पोचलं की एक विषय आईवडिलांना जड जायला लागतो, आणि बऱ्याच घरांत तो गणित नसतो. गणिताला उत्तरसूची असते. शोकांतिका वाचून आलेल्या पंधरा वर्षांच्या मुलाला मात्र कुणाशी तरी वाद घालायचा असतो, आणि घरात त्या वयाचं दुसरं कुणी नसतं. मग आठवड्यातून एकदा ऑनलाइन वर्ग लावला जातो. जाहिरातीत ठरलेले शब्द असतात: लाइव्ह, इंटरॅक्टिव्ह, अभिजात साहित्य, कॅथलिक दृष्टिकोन. हेच शब्द दोन अगदी वेगळ्या प्रकारच्या वर्गांवर लावलेले असतात, आणि पैसे भरून झाल्यावरच पुष्कळांच्या ते लक्षात येतं.

एक वर्ग व्याख्यानाचा. शिक्षक बोलतो, मुलं ऐकतात, टिपणं काढतात, शेवटी प्रश्न विचारतात. दुसरा वर्ग चर्चेचा. शिक्षक एक प्रश्न टाकतो आणि पुढचा तास बोलायचं काम मुलांचं. दोन्हींत व्हिडिओ कॉलच असतो, दोन्हींत शिक्षक हजर असतो, दोन्हींची वेळ ठरलेली असते. (आधी रेकॉर्ड करून ठेवलेले, हवे तेव्हा बघायचे वर्ग हा तिसरा प्रकार, त्याबद्दल सहसा गैरसमज होत नाही, म्हणून तो इथेच सोडतो.)

फरक नीट दिसावा म्हणून एकच नाटक दोन्ही वर्गांत घेऊन बघू. शेक्सपिअरचं 'मॅकबेथ' या वयाच्या अभ्यासक्रमात हमखास असतं. दुसऱ्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात, राजाचा खून झाल्यावर लगेच, एक झिंगलेला दारवान दरवाजा उघडायला येतो. आपण नरकाचेच द्वारपाल आहोत अशी कल्पना करून तो एकेकाला आत घेतो. त्यात एक असतो द्व्यर्थी बोलणारा, देवाच्या नावाने राजद्रोह करूनही स्वर्गाला मात्र फसवू न शकलेला. मुलांना यात काही विनोदी वाटत नाही, आणि त्यात त्यांची चूक नाही. 1605 च्या नोव्हेंबरात लंडनची संसद सुरुंगाने उडवण्याचा काही कॅथलिकांचा कट उघडकीला आला. त्या प्रकरणात हेन्री गार्नेट या जेझुइट (एका कॅथलिक धर्मसंघातल्या) धर्मगुरूवर खटला चालला आणि 3 मे 1606 रोजी त्याला फाशी दिलं गेलं. कटाची माहिती त्याला पापनिवेदनाच्या, म्हणजे धर्मगुरूजवळ पापं कबूल करण्याच्या विधीच्या, गुप्ततेत मिळाली होती. खोटं न बोलता सत्य झाकून कसं ठेवावं, या विषयावर त्याने लिहिलेलंही होतं. खटल्यात ते सगळं बाहेर निघालं. नाटक त्याच सुमाराचं आहे, आणि दारवानाचा टोमणा त्याच्यावर आहे असं बहुतेक अभ्यासक मानतात.

ही माहिती डझनभर मुलांना तासभर एकमेकांशी बोलायला लावून बाहेर येणार नाही. ज्याला ठाऊक आहे त्याने सांगायची आणि बाकीच्यांनी ऐकायची. चांगला वक्ता हे पंधरा मिनिटांत इतकं रंगवून सांगतो की मुलं तो प्रवेश पुन्हा वाचायला घेतात. इथे चर्चेचा वर्ग चाचपडतो. मुलं अंदाज करत बसतात, शिक्षक तत्त्वाला धरून गप्प राहतो आणि वेळ फुकट जातो.

आता त्याच्या आधीचा, दुसरा प्रवेश घ्या. मॅकबेथ खून करून बाहेर येतो आणि बायकोला सांगतो की शेजारच्या खोलीतले दोघे झोपेतून दचकून उठले. एकाने 'देव आमचं भलं करो' म्हटलं, दुसरा 'आमेन' म्हणाला, आणि मला मात्र आमेन म्हणता आलं नाही, शब्द घशात अडकला. बायको म्हणते, इतका खोल विचार करू नकोस. तो पुन्हा तेच विचारतो: का म्हणता आलं नाही? आशीर्वादाची सगळ्यात जास्त गरज तर मलाच होती.

इथे चर्चेचा शिक्षक एकच प्रश्न विचारतो. त्याला आमेन म्हणता येत नाही, म्हणजे त्याला पश्चात्ताप झालाय की झालेला नाही? पहिली मुलगी म्हणते, झालाय, नाहीतर त्याला त्याचं एवढं वाटलं नसतं. दुसरा म्हणतो, हा पश्चात्ताप नव्हे, ही नुसती भीती. शिक्षक विचारतो, कुठल्या ओळीवरून? पानं उलटली जातात. तिसरी म्हणते, पश्चात्ताप झाला असता तर त्याने पुढे आपल्या मित्राला, बँकोला, मारायला माणसं पाठवली नसती. पहिली अडून बसते: आज वाईट वाटलं म्हणून उद्या माणूस पुन्हा पाप करत नाही का? ही मुलं लहानपणापासून पापनिवेदनाला जात आलेली असतात, धर्मशिक्षणात परिपूर्ण आणि अपूर्ण पश्चात्तापातला फरक (देवावरच्या प्रेमातून होतो तो परिपूर्ण, शिक्षेच्या भीतीतून होतो तो अपूर्ण) पाठ करून आलेली असतात. पाठ केलेला तो फरक कुणाच्या तरी घशात अडकलेल्या शब्दावर लावून बघायची ही बहुधा त्यांची पहिलीच वेळ. शिक्षकाने 'मॅकबेथला पश्चात्ताप झाला नव्हता, कारण असं असं' एवढं सांगून टाकलं असतं, तर वहीत एक ओळ वाढली असती.

माझं मत यावरून उघड आहे. व्याख्यानाचा वर्ग कमी प्रतीचा नाही, पण त्याला चर्चा म्हणून विकणं चूक आहे. ज्या जागी माहिती नसल्यामुळे वाचक अडतो तिथे व्याख्यान लागतं. जिथे माहिती सगळी समोर असूनही निर्णय होत नाही, तिथे चर्चा. एकाच नाटकात दोन्ही जागा शेजारी शेजारी असतात, म्हणूनच तर घोळ होतो.

चर्चेच्या वर्गाचं घराणं तसं जुनं नाही. 1920 मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात जॉन अर्स्किन यांनी विद्यार्थ्यांबरोबर दर आठवड्याला एक अभिजात ग्रंथ वाचून त्यावर बोलायचा वर्ग सुरू केला. त्या वर्गातून तयार झालेले मॉर्टिमर अॅडलर यांनी शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांच्यासोबत तीच पद्धत 1930 पासून तिथे नेली. कॅथलिक वर्तुळात ती रुजवण्यात कॅलिफोर्नियात 1971 मध्ये सुरू झालेल्या थॉमस अॅक्विनस कॉलेजचा वाटा मोठा. तिथे पाठ्यपुस्तकांऐवजी मूळ ग्रंथ, रोजचे वर्ग चर्चेचे, आणि शिकवणाऱ्याला प्राध्यापक न म्हणता ट्यूटर म्हणतात. शालेय पातळीवर फिलिप्स एक्सेटर या शाळेला 1930 मध्ये एडवर्ड हार्कनेस यांची मोठी देणगी मिळाली, आणि तिथून साधारण बारा मुलं आणि एक शिक्षक एका लंबगोल टेबलाभोवती बसवायची रीत निघाली. ऑनलाइन वर्गाला टेबल नाही, पण आकडा तोच कामाचा ठरतो. साठ मिनिटं, बारा मुलं: शिक्षकाचा वेळ वजा केला तर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम चार मिनिटं येतात. पंचवीस मुलं घातली की चर्चेचं फक्त नाव उरतं. व्याख्यानाला मात्र वीस असोत की शंभर, फरक पडत नाही, आणि म्हणून त्याची फी सहसा कमी असते.

सगळ्यात जास्त फसवणूक करतो तो चॅट बॉक्स. व्याख्यानाच्या वर्गात शिक्षक विचारतो, 'लेडी मॅकबेथ धाडसी आहे की क्रूर? चॅटमध्ये लिहा.' वीस उत्तरं धडाधड येतात, शिक्षक त्यातली दोन मोठ्याने वाचतो, 'छान' म्हणतो आणि पुढे जातो. पडद्यावर भरपूर हालचाल दिसते, आईला वाटतं मूल भाग घेतंय. पण त्या वीस जणांपैकी कुणीही दुसऱ्या कुणाला उत्तर दिलेलं नसतं. ओळखायची खूण हीच: एका मुलाचं बोलणं दुसऱ्या मुलाने खोडलं का, किंवा उचलून पुढे नेलं का? सगळे दोर शिक्षकाच्याच हातात जाऊन थांबत असतील तर ती प्रश्नोत्तरं आहेत, चर्चा नव्हे.

चर्चेच्या वर्गाबद्दल पालकांची एक भीती असते, आणि ती रास्त आहे. सगळ्यांची मतं सारखीच धरायची तर मूल श्रद्धेबद्दलही 'तुझं तुला, माझं मला' असं शिकून येईल की काय? चांगल्या वर्गात तसं होत नाही, कारण तिथे मतदान श्रद्धेवर चाललेलं नसतं. वाद असतो पुस्तकातल्या माणसाने काय केलं आणि का केलं याचा, आणि प्रत्येक मताला ओळीचा आधार मागितला जातो. गार्नेटचंच बघा. सत्य झाकणं आणि खोटं बोलणं यात रेघ कुठे, हा प्रश्न चर्चने स्वतःच गंभीरपणे हाताळलेला आहे. तो मुलांसमोर आला तर बिघडत काही नाही. शिक्षकाला चर्चची शिकवण नीट माहीत हवी आणि ती कधी सांगायची याचं भान हवं. हे भान नसलेला शिक्षक एक तर दुसऱ्याच मिनिटाला निकाल देऊन चर्चा मारतो, किंवा शेवटपर्यंत मौन पाळून मुलांना अधांतरी सोडतो.

पोप फ्रान्सिस यांनी जुलै 2024 मध्ये साहित्याच्या वाचनावर एक पत्र लिहिलं. सुरुवातीला ते भावी धर्मगुरूंच्या घडणीपुरतं योजलं होतं, मग त्यांनी ते सगळ्यांसाठी केलं. त्यात ते स्वतःची एक आठवण सांगतात. 1964-65 मध्ये ते अर्जेंटिनात सांता फे इथल्या जेझुइट शाळेत शेवटच्या दोन वर्गांना साहित्य शिकवत होते. अभ्यासक्रमात एल सिदचं मध्ययुगीन महाकाव्य होतं, मुलांना हवा होता विसाव्या शतकातला स्पॅनिश कवी गार्सिया लोर्का. त्यांनी तोडगा काढला: एल सिद घरी वाचा, तासाला तुमच्या आवडीच्या लेखकांवर बोलू. नेमलेलं वाचन घरी आणि बोलायचं ते तासाला, ही वाटणी चर्चेच्या वर्गाच्या फार जवळची आहे, आणि ती करणाऱ्याला कुणी धर्मात ढिला म्हणणार नाही.

आता व्यवहाराच्या गोष्टी. व्याख्यान चुकलं तर रेकॉर्डिंग बघून भागतं. चर्चा चुकली की चुकली; दुसऱ्यांचा वाद नंतर बघणं कंटाळवाणं असतं, शिवाय अल्पवयीन मुलांचे चेहरे-आवाज असलेलं रेकॉर्डिंग कोण, किती दिवस ठेवणार हा प्रश्न आहेच. पूर्व किनाऱ्यावर दुपारी एकला असलेला तास कॅलिफोर्नियात सकाळी दहाला येतो, हेही चर्चेच्या बाबतीत आधीच बघावं, कारण तिथे अर्धझोपेत ऐकून चालत नाही. पुस्तक न वाचता आलेलं मूल व्याख्यानात खपून जातं. चर्चेत ते पाच मिनिटांत उघडं पडतं, आणि अशी चार मुलं असली की वाचून आलेल्यांचाही तास बुडतो. लाजऱ्या मुलाला मात्र चर्चा जमतच नाही असं नाही. प्रश्न एक दिवस आधी कळला आणि पहिलं उत्तर लिहून आणायला सांगितलं, तर अशी मुलं पुष्कळदा सगळ्यात नेमकं बोलतात.

वर्ग कुणाचा आहे हेही विचारावं. चर्चच्या कायद्याचं 803 वं कलम सांगतं की सक्षम धर्माधिकाऱ्याच्या संमतीशिवाय कुठल्याही शाळेने स्वतःला कॅथलिक शाळा म्हणवू नये. ऑनलाइन वर्ग मात्र अनेकदा कॅथलिक माणसांनी चालवलेला खासगी उपक्रम असतो. अमेरिकी बिशपांनी 2002 मध्ये डॅलस इथे मुलांच्या संरक्षणाची सनद मंजूर केली, तिच्यामुळे धर्मप्रांतांत मुलांबरोबर काम करणाऱ्यांची पार्श्वभूमी तपासली जाते. खासगी वर्गाने तशी तपासणी केली आहे असं गृहीत धरू नये, विचारावं. छोट्या गटात ओळखी लवकर होतात, म्हणून चर्चेच्या वर्गाबाबत तर नक्कीच.

राहता राहिली नोंद आणि गुण. व्याख्यानाच्या वर्गाला बहुधा चाचण्या आणि निबंध जोडलेले असतात, त्यामुळे आईला गुणपत्रक लिहिणं सोपं जातं. चर्चेच्या वर्गात निबंध तपासणं पुष्कळदा वेगळं असतं, किंवा घरावर सोडलेलं असतं. आठवड्याला एक तास धरला तर वर्षाचे तीसेक तास होतात. हायस्कूलच्या एका क्रेडिटसाठी, म्हणजे एक विषय वर्षभर शिकल्याच्या नोंदीसाठी, जुना मापदंड 120 तासांचा आहे. उरलेलं वाचन आणि लेखन घरीच भरून काढावं लागतं, आणि ते नोंदवून ठेवावं लागतं. नियम राज्यागणिक बदलतात. पेनसिल्व्हेनियात वाचलेल्या साहित्याची नावानिशी नोंदवही ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि वर्षाअखेरी परीक्षक ती बघतो, मुलाशी बोलतो. टेक्सासमध्ये असलं काही मागितलं जात नाही.

तेरा-चौदाव्या वर्षी ज्याला शेक्सपिअरच्या काळातली इंग्रजीच समजत नाही त्याला मी आधी एक वर्ष व्याख्यानाच्या वर्गात घालेन. सोळाव्या वर्षी, घरात प्रत्येक गोष्टीवर हुज्जत घालायला लागल्यावर, चर्चेच्या. पैसे भरण्याआधी शिक्षकाला एवढंच विचारावं: मागच्या आठवड्याच्या तासाला तुमचा पहिला प्रश्न काय होता, आणि त्यावर मुलांचं कुठे वाजलं? व्याख्यानाचा शिक्षक विषयाचं नाव सांगेल. चर्चेचा शिक्षक भांडण सांगायला लागेल.