अभिक्रियेची उष्णता

रासायनिक अभिक्रिया घडताना बाहेर पडणारी किंवा शोषली जाणारी उष्णता. बाहेर पडली तर अभिक्रिया उष्मादायी, शोषली गेली तर उष्माग्राही. स्थिर दाबाखाली ही उष्णता एन्थॅल्पीतील (अंतर्गत ऊर्जा अधिक दाब व आकारमान यांचा गुणाकार) बदलाएवढी असते. उष्मादायी अभिक्रियेत तिचे चिन्ह ऋण धरतात.

बंध तोडायला ऊर्जा लागते आणि नवे बंध जुळताना ती सुटते. (‘बंध तुटला की ऊर्जा मिळते’ हा समज चिवट आहे, पण चुकीचा.) एक मोल (पदार्थातील कणांची संख्या मोजण्याचे एकक) हायड्रोजन आणि एक मोल क्लोरीनचे बंध तोडायला 436 आणि 242 किलोज्यूल लागतात, तयार होणाऱ्या दोन मोल हायड्रोजन क्लोराइडचे बंध जुळताना 862 सुटतात. उरलेले 184 किलोज्यूल बाहेर येतात.

पदार्थाची अवस्था न सांगता दिलेला आकडा निरुपयोगी. एक मोल मिथेन जळून द्रवरूप पाणी झाले तर 890 किलोज्यूल मिळतात, वाफ झाली तर 802.

कार्बनपासून फक्त कार्बन मोनॉक्साइड बनवून उष्णता मोजता येत नाही, कारण थोडा डायऑक्साइड होतोच. इथे रसायनशास्त्रज्ञ जर्मेन हेस यांचा 1840 चा नियम कामी येतो: एकूण उष्णता मार्गावर अवलंबून नसते. म्हणून एक मोल कार्बन जळून डायऑक्साइड होताना सुटणाऱ्या 393.5 मधून, एक मोल मोनॉक्साइड जळून डायऑक्साइड होताना सुटणारे 283.0 वजा करून 110.5 किलोज्यूल हे उत्तर काढतात.

उदासिनीकरणाची (आम्ल व अल्कली यांच्या अभिक्रियेची) उष्णता मोजायला एकात एक बसवलेले थर्माकोलचे दोन पेले, झाकण आणि 0.1 अंशाच्या खुणांचा तापमापी पुरतो. एक मोलर (लिटरला एक मोल) हायड्रोक्लोरिक आम्ल व सोडियम हायड्रॉक्साइड प्रत्येकी 50 मिलि घ्यावे. दोन्हींचे तापमान सारखे झाले की एकदम मिसळून ढवळावे व दर अर्ध्या मिनिटाला नोंद घ्यावी. तापमान 6.8 अंशांनी चढले, तर 100 (ग्रॅम द्रावण) × 4.18 (पाण्याची विशिष्ट उष्णता) × 6.8 म्हणजे सुमारे 2,840 ज्यूल, 0.05 मोलने भागले की मोलला 57 किलोज्यूलच्या आसपास. उत्तर बहुधा कमीच येते. उष्णता निसटत असल्याने नुसते कमाल तापमान धरू नये. वेळ-तापमान आलेखाची उतरती रेषा मिसळण्याच्या क्षणापर्यंत मागे वाढवावी. जुन्या सोडियम हायड्रॉक्साइडने हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषलेला असतो, त्यामुळेही आकडा घसरतो.

उष्माग्राही प्रक्रिया आपोआप होत नाही, असे मात्र नाही. अमोनियम नायट्रेट पाण्यात विरघळताना मोलला सुमारे 26 किलोज्यूल शोषते आणि तरी सहज विरघळते, कारण एन्ट्रॉपी (कण व ऊर्जा विखुरण्याचे माप) वाढते.

मोठ्या पात्रात धोका वेगळा. आकारमान लांबीच्या घनाने वाढते, पृष्ठभाग वर्गाने; त्यामुळे चंचुपात्रात निमूट चाललेली उष्मादायी अभिक्रिया तिथे तापत जाते, तापल्याने वेग घेते आणि आवरेनाशी होते. म्हणून एक अभिकारक थोडा थोडा सोडतात आणि ढवळणी बंद पडली तर आधी तो थांबवतात.