गोल्डफिशमधील पाठलाग आणि प्रजनन

प्रजननकाळात गोल्डफिशचे (कॅरॅशियस ऑराटस) नर मादीच्या मागे लागतात आणि तिच्या पोटाला, गुदद्वाराजवळ तोंडाने ढुशा देतात. घरच्या टाकीत हे पाहिले की मासे भांडताहेत असाच समज होतो. वास्तविक गोल्डफिश हद्द राखणारा मासा नाही, आणि दणकट मासे मादीमागे धावताना दिसले तर कारण बहुधा अंडी हेच असते.

कार्प कुळातला हा मासा चीनमध्ये सुमारे हजार वर्षांपूर्वीपासून पाळला जातो. रंग आणि आकार कितीही बदलले तरी विणीचे वर्तन रानटी पूर्वजांचेच राहिले. थंडी ओसरून पाणी 18–22 अंश सेल्सिअसच्या आसपास आले की हंगाम सुरू होतो. मुंबईसारख्या ठिकाणी पाणी फारसे गार होत नाही, त्यामुळे तिथे हंगाम इतका ठळक नसतो. टाकीचे बरेचसे पाणी बदलल्यावरही कधीकधी दुसऱ्या दिवशी पाठलाग सुरू होतो.

नराच्या कल्ल्यांच्या झाकणांवर आणि छातीजवळच्या परांच्या पुढच्या काट्यावर रव्याच्या कणांसारखे पांढरे दाणे उठतात. नवखे लोक याला पांढऱ्या ठिपक्यांचा रोग (इक) समजून टाकीत औषध ओततात. रोगाचे ठिपके अंगभर आणि शेपटीवरही विखुरतात. हे दाणे ठरावीक जागीच राहतात. मात्र काही नरांना दाणे येतच नाहीत. मादी गाभोळीने फुगते, वरून पाहिल्यास एका बाजूला थोडी अधिक.

पाठलागाचा इशारा पाण्यातून मिळतो. अंडमोचनाच्या (अंडाशयातून पक्व अंडी सुटण्याच्या) आधी मादी एक स्टेरॉइड संप्रेरक पाण्यात सोडते. त्याच्या वासाने नरांचे शुक्रद्रव वाढते. अंडी सुटल्यावर तिच्या मूत्रातून प्रोस्टाग्लँडिन हे संप्रेरकासारखे रसायन बाहेर पडते आणि नर धावत सुटतात. कॅनडातील आल्बर्टा विद्यापीठाचे नॉर्मन स्टेसी यांनी अंडी न सुटलेल्या माद्यांना प्रोस्टाग्लँडिन टोचले, तेव्हा त्याही अंडी घालण्याच्या हालचाली करू लागल्या. टाकीत मादी नसेल तर नर एकमेकांच्याही मागे लागतात.

अंडी बहुधा पहाटे पडतात. दोनतीन नर मादीला हायड्रिलासारख्या पाणवनस्पतीत दाबतात, ती अंगाला झटका देऊन अंडी सोडते आणि त्याच क्षणी नर शुक्रद्रव सोडतात. एका खेपेला शेकडो ते काही हजार चिकट अंडी पडतात. फलित न झालेली पांढरी पडून बुरशी धरतात. आईबाप अंडी खाऊन टाकतात, म्हणून पिल्ले हवी असतील तर अंड्यांसकट वनस्पतीच दुसऱ्या टाकीत हलवावी. उष्णतेनुसार 2 ते 5 दिवसांत पिल्ले बाहेर येतात, पोटातला बलक संपला की पोहू लागतात आणि मग त्यांना इन्फुसोरिया (पाण्यातले सूक्ष्मजीव) व आर्टेमिया (बारीक कोळंबीसारखे जीव) हे खाद्य लागते. पिल्ले तपकिरी असतात. सोनेरी रंग यायला महिने लागतात आणि काहींना तो कधीच येत नाही.

मादीचे खवले निघू लागले, पर फाटले किंवा ती तळाशी धापा टाकत पडली, तर तिला जाळीआड वेगळी करावी. बबल-आयसारख्या नाजूक डोळ्यांच्या प्रकारांत हे लगेचच करावे लागते. विणीचा हंगाम नसताना एकाच माशाची सतत ओढाताण होत असेल तर मात्र कारण बहुधा वेगळे असते: टाकीतली गर्दी, अपुरे खाणे किंवा तो मासाच आजारी असणे. अशा वेळी आधी पाण्यातले अमोनिया आणि नायट्राइट हे माशांना विषारी घटक तपासावेत.