पावसाचा अंदाज घेणारा पाणढेकूण

सोलापूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी 550 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला मोठा वाटा एकट्या सप्टेंबरचा असतो. एरवी ओढ्याच्या पात्रात गोटे, वाळू आणि वेड्या बाभळी दिसतात. मात्र वरच्या अंगाला जोराचा पाऊस झाला की गढूळ लोंढा येतो आणि सारे धुऊन नेतो. पाणी ओसरल्यावर काही दिवसांनी मागे राहिलेल्या डबक्याशी थोडा वेळ शांत बसावे. पृष्ठभागावर निवळ्या सरकत असतात आणि काठाच्या गवताला धरून, पाठीवर अंड्यांचा गच्च थर वागवणारा पाणढेकणाचा नर बसलेला असतो. ही अंडी मादीने त्याच्या पाठीवर चिकटवलेली असतात आणि पिले बाहेर पडेपर्यंत त्यांना हवा मिळवून देणे हे त्याचे काम असते.

इतक्या लहरी पाण्यात हे जीव टिकतात कसे, याचा उत्तम अभ्यास अमेरिकेतील अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटी ओढ्यांवर झाला आहे. तिथल्या सिकॅमोर क्रीकमध्ये 1979 च्या उन्हाळ्याअखेरीस आलेल्या पुरांनी पाण्यातील अपृष्ठवंशीय जीवांचा 98 टक्के जीवभार, म्हणजे त्यांचे एकूण वजन, नाहीसा केला. तरीही अवघ्या दोन-तीन आठवड्यांत ओढा पूर्ववत झाला. मेफ्लाय आणि माश्यांच्या कुळातील कीटकांचे पंख फुटलेले प्रौढ पुराच्या वेळी हवेत होते, त्यांनी परत येऊन अंडी घातली आणि पहिल्या महिन्यातच त्यांच्या काही पिढ्या पूर्ण झाल्या. शरीर लहान ठेवून झटपट वाढणे, हा त्यांचा मार्ग.

ज्याची वाढ सावकाश होते त्याला हे परवडत नाही. त्याच ओढ्यांतील अ‍ॅबेडस हर्बर्टी हा मोठा पाणढेकूण उडू शकत नाही. पण जोराचा पाऊस काही वेळ सलग कोसळत राहिला की तो पाण्यातून चढून काठापासून दूर चालत जातो आणि लोंढा येतो तेव्हा कोरड्यावर सुरक्षित असतो. संशोधक डेव्हिड लायटल यांनी कृत्रिम पाऊस पाडून हे तपासले, तेव्हा पूर नसतानाही किडे बाहेर पडले. म्हणजे धोक्याची सूचना वाढत्या प्रवाहातून नव्हे, तर पावसातूनच मिळते. मला या साऱ्या विषयातील ही सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते, कारण पूर येण्याची रीत येथे किड्याच्या वागण्यातच मुरलेली आहे.

पुरासाठी घडलेला हा जीव दुष्काळापुढे मात्र हरतो. अ‍ॅरिझोनातल्याच फ्रेंच जो कॅन्यन या दरीतील बारमाही ओढा तीव्र अवर्षणात आटला, तेव्हा तिथला हा सर्वांत मोठा शिकारी कीटक नाहीसा झाला आणि पाणी परतल्यावरही, निरीक्षण चालू होते तोवर, तो परतला नाही. त्याची जागा लहान शिकारी कीटकांनी घेतली. पुराला ठरावीक हंगाम असतो आणि त्याआधी पावसाची वर्दी मिळते, तर बारमाही डोह आटण्याचा अनुभव त्याच्या वंशाला नव्हता. शेजारचा ओला डोह गाठायला त्याच्याकडे पंखही नव्हते.

आपल्याकडचा पाणढेकूण उडू शकतो, रात्री दिव्यावरही येतो. पण वैशाखात ओढा आटल्यावर उडून जायला त्यालाही जवळपास एखादा डोह ओला असावा लागतो.