शमी : दसऱ्याच्या पूजेमागचं वाळवंटी झाड

विजयादशमीच्या संध्याकाळी कोल्हापूरच्या दसरा चौकात अंबाबाई, तुळजाभवानी आणि गुरुमहाराजांच्या पालख्या येतात, छत्रपतींच्या हस्ते शमीपूजन होतं आणि लगेच सोनं लुटायला झुंबड उडते. लुटायचं ते आपट्याचं पान. शमीकडे पूजेनंतर वर्षभर कुणी फिरकत नाही, आणि मला ही गोष्ट मनापासून खटकते.

पावसाळा संपला की मोहिमेवर निघायचं, त्याआधी शस्त्रं पूजायची, सीमोल्लंघन करायचं, ही जुनी राजरीत. शमीचा मान महाभारतातला. अज्ञातवासात जाताना पांडवांनी विराटनगरीबाहेर, स्मशानाजवळच्या शमीवर शस्त्रं लपवली. यज्ञाचा अग्नी मंथून काढण्यासाठी अरणी लागते, तीही परंपरेनं शमीवर उगवलेल्या पिंपळाच्या लाकडाची.

झाडाचं माहेर मात्र कोरड्या मुलखात. गगनबावड्याला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस कोसळतो. जैसलमेरच्या बाजूला 200 मिलिमीटरही धड पडत नाही आणि तिथं शमी उभी असते. राजस्थानात ती खेजडी. सोटमूळ 30 मीटरपर्यंत खोल गेल्याच्या नोंदी आहेत, त्यामुळे वरची वाळू तापली तरी झाडाला ओल मिळते. ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर तिला नवी पालवी फुटते आणि बारीक पिवळसर फुलांचे बोटभर तुरे लागतात. आसपास चारा-फुलोरा आटलेला असताना मधमाश्यांना हा केवढा आधार! मग शेंगा धरतात. कोवळ्या शेंगा वाळवून त्यांची सांगरीची भाजी होते, पाला शेळ्या-उंटांना जातो. मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीत आणतात, म्हणून तिथला शेतकरी बाजरीच्या रानातली खेजडी तोडत नाही. एकोणिसाव्या शतकातल्या दुष्काळांत लोकांनी तिची साल दळून खाल्ली होती.

या झाडासाठी माणसं मेलीही आहेत. 1730 मध्ये जोधपूरजवळच्या खेजडली गावी राजाची माणसं चुनाभट्टीसाठी लाकूड तोडायला आली. अमृतादेवी बिश्नोई झाडाला बिलगल्या आणि त्यांच्यामागून 363 बिश्नोई स्त्री-पुरुषांनी प्राण दिले.

आपल्याकडे, देशावरच्या कोरड्या पट्ट्यात, शमी तुरळक दिसते. जुनी माणसं तिला सौंदड म्हणतात. ओळखताना घोळ होतो तो वेड्या बाभळीशी. ती एकोणिसाव्या शतकात अमेरिका खंडातून इथं आणलेली आणि पसरत सुटलेली. दोघी बरीच वर्षं प्रोसोपिस या एकाच प्रजातीत (जीनसमध्ये) मोडत होत्या. 2022 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्या प्रजातीची फोड केली, तेव्हा वेडी बाभूळ नेल्टुमा या प्रजातीत गेली आणि प्रोसोपिस हे नाव शमी व तिच्या मोजक्या जुन्या जगातल्या, म्हणजे आशिया-आफ्रिकेकडच्या, बहिणींकडेच उरलं. फांदी जवळून पाहिली तरी फरक कळतो. वेड्या बाभळीचे लांब काटे पानांच्या बेचक्यात, बहुधा जोडीनं येतात. शमीचे आखूड, बुडाशी रुंद काटे फांदीभर विखुरलेले असतात.