ग्रॅव्हिटी असिस्ट आणि फ्लायबाय अॅनॉमली: एकच समजू नका

नागपूरच्या रामन विज्ञान केंद्रातून तारांगण पाहून बाहेर पडताना कुणीतरी हमखास म्हणतं, "ग्रहाजवळून गेलं की यानाचा वेग वाढतोच, मग त्यात अॅनॉमली कसली?" हे ऐकून मी खरंच कंटाळलोय. फ्लायबाय अॅनॉमली म्हणजे पृथ्वीजवळून गेलेल्या यानाच्या वेगात सापडलेला, हिशेबात न बसणारा फरक.

ग्रॅव्हिटी असिस्ट, म्हणजे ग्रहाजवळून नेऊन यानाचा वेग बदलण्याची युक्ती, तुम्हाला ठाऊक असेलच. व्हॉयेजर-२ यान त्याच्याच जोरावर नेपच्यूनपर्यंत पोचलं.

खरी गल्लत वेग कुठून मोजला यात आहे. लोखंडी पुलाखालून सायकल नेली असेल तर आठवा. पॅडल न मारता उतरलात की पुलाखाली वेग सगळ्यात जास्त, आणि पलीकडच्या चढावर तो तेवढाच गळतो. घर्षण नसतं, तर ज्या वेगाने खाली शिरलात त्याच वेगाने बाहेर पडला असतात. यानाचंही तसंच. पृथ्वीवरून मोजलं तर दुरून येतानाचा आणि दूर जातानाचा वेग सारखाच, फक्त दिशा वळलेली. पण हा अख्खा उतार-चढाव सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटरने धावतोय. म्हणून दिशा वळली की सूर्याच्या हिशेबातला वेग बदलतो. झाला असिस्ट! "पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाने वेग दिला" हे वाक्य मला म्हणूनच खपत नाही. गुरुत्वाकर्षण यानाला वळवतं. वेग येतो तो पृथ्वीच्या धावण्यातून.

आणि अॅनॉमली? पृथ्वीवरून मोजलेला जो वेग सारखाच निघायला हवा, तोच जास्त निघणं. १९९० मध्ये गॅलिलिओ यानाचा सेकंदाला सुमारे ४ मिलिमीटरने जास्त निघाला. १९९८ मध्ये निअर यानाचा साडेतेरा मिलिमीटरने, तोही सेकंदाला ६.८५ किलोमीटरच्या वेगावर.

वातावरणाचं घर्षण म्हणाल, तर ते वेग कमी करेल. भरती-ओहोटी, सूर्यप्रकाशाचा दाब, यानाची उष्णता, विद्युतभार, सगळे परिणाम फार तोकडे पडतात. २००८ मध्ये पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्याशी नातं सांगणारं एक सूत्र मांडलं गेलं. पण २०१३ मध्ये ज्युनो यान पृथ्वीजवळून गेलं तेव्हा जादा वेग सापडलाच नाही. रोझेटा यानाच्या २००७ आणि २००९ च्या फेऱ्यांतही नाही. त्यामुळे नव्या भौतिकशास्त्राच्या आधी मी कक्षेच्या गणितावरच संशय घेईन. त्यातून निअर पृथ्वीच्या सगळ्यात जवळ होतं, नेमकं तेव्हाच ते कॅलिफोर्नियातल्या गोल्डस्टोनच्या अँटेनाच्या क्षितिजाखाली गेलेलं होतं. कॅनबेराच्या अँटेनाला त्याचा सिग्नल मिळेपर्यंत मधले काही तास मोजमापच नाही.