चोरी झाली की आधी बेड्यावर का जातात?

मोटारपंपाची केबल गेली, गोठ्यातला बोकड नाहीसा झाला, की विदर्भातल्या अनेक गावांत पहिला संशय गावाबाहेरच्या बेड्यावर, म्हणजे पारध्यांच्या वस्तीवर जातो. अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम, बुलडाणा या पट्ट्यात फासेपारध्यांचे, म्हणजे फासे लावून शिकार करणाऱ्या भटक्या जमातीचे, बेडे जुने आहेत. भटक्यांशी गावाची कुरबुरही जुनीच, पण तिच्यावर सरकारी शिक्का बसला तो इंग्रजी अमलात.

१८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आधी उत्तर हिंदुस्थानापुरता होता, १९११ मध्ये तो देशभर लागू करता येईल असा झाला. यादीत जमातीचं नाव चढलं की गुन्हा न करताही माणूस संशयित. पारधीही या यादीत आले. हजेरी द्यायची, बाहेर जायचं तर परवाना घ्यायचा. पण मला या कायद्यातलं आणखी एक कलम जास्त महत्त्वाचं वाटतं. कोण आलं, कोण गेलं याची खबर गावच्या पाटलाने, राखणदाराने आणि जमीनमालकाने ठाण्याला द्यायची होती, न दिल्यास शिक्षा. म्हणजे पाळत ठेवणं हे गावाचंच काम ठरलं, आणि संशय घेणारा जबाबदार माणूस!

३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा रद्द झाला, जमाती ‘विमुक्त’ झाल्या. लगोलग राज्यांनी सराईत गुन्हेगारांचे कायदे आणले आणि ठाण्यांची नजर तिथेच राहिली. तुरुंगाच्या नियमावल्यांतून तर विमुक्तांना सराईत मानणारी कलमं काढायला सर्वोच्च न्यायालयाला २०२४ मध्ये निकाल द्यावा लागला.

मधल्या काळात पोटाचा धंदाही गेला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर फासे लावून तितर, ससा धरणं गुन्हा झालं. रानडुकरांनी तूर लोळवली की तोच शेतकरी पारध्याला हळूच निरोप धाडतो, ते वेगळं.

आता अडतं ते कागदावर. जातीच्या दाखल्याला १९५० च्या आधीपासून इथले असल्याचा पुरावा मागतात. ज्यांना कुणी कुठे टिकू दिलं नाही, त्यांनी तो आणायचा कुठून? दाखला नाही म्हणून योजना अडते, घरकुलाला स्वतःची जागा लागते, म्हणून पाल सरकारी ई-क्लास जमिनीवर पडतं. ती गावाच्या ढोरांची चराई. अतिक्रमणाचा अर्ज ग्रामपंचायतीत जातो, आणि त्यावर सही करणाऱ्याला चोरीची गोष्ट काढायचीही गरज उरत नाही.