नाताळातील हिरवी आरास, गोवा

नाताळच्या दिवसांत घर, अंगण, चर्च आणि गोठा (येशूजन्माचा देखावा) सदाहरित झाडांच्या फांद्यापानांनी सजविण्याची प्रथा. यूरोपात त्यासाठी होली, आयव्ही, लॉरेल, फर, स्प्रूस ही झाडे वापरतात. गोव्यात ती जागा मुख्यतः सुरूची फांदी, माडाच्या झावळ्या आणि नाचणीचे कोंब यांनी घेतली आहे. ‘नाताळ’ हा शब्द जन्मवाचक लॅटिन ‘नातालिस’पासून पोर्तुगीज ‘नाताल’मार्गे कोकणी-मराठीत आला.

उगम : या प्रथेचे मूळ रोमन लोकांच्या सॅटर्नेलिया या डिसेंबरातील उत्सवात असल्याचे सर्रास सांगितले जाते. तथापि जानेवारीच्या प्रतिपदेला, म्हणजे कॅलेंड्सला, दारावर लॉरेलच्या डहाळ्या लावण्याचे दाखले अधिक थेट आहेत. इ. स. 200 च्या सुमारास टर्टुलियन या ख्रिस्ती धर्मलेखकाने ख्रिस्ती लोकांच्या दारांवर दिवे आणि लॉरेल दिसतात म्हणून त्यांना खडसावले होते. गोव्याच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचा दाखला खुद्द पोर्तुगालच्या भूमीतला आहे. ब्रागाचा बिशप मार्टिन (मृत्यू सु. 580) याने संकलित केलेल्या धर्मनियमांत कॅलेंड्स पाळू नये, लॉरेलने किंवा झाडांच्या हिरवाईने घरे वेढू नयेत, अशी स्पष्ट मनाई आहे. मनाई करावी लागली याचा अर्थ बाप्तिस्मा घेतलेली माणसे ते करीत होती. पुढे हीच हिरवाई चर्चने आपलीशी केली. 1598 मध्ये जॉन स्टो या इंग्रज इतिहासकाराने जुन्या लंडनचे वर्णन करताना नाताळात घरे आणि चर्च होली, आयव्ही व लॉरेलने सजत असल्याचे नोंदविले आहे.

संपूर्ण झाड घरात उभे करण्याची चाल वेगळी आणि उत्तरकालीन आहे. जर्मनीत धर्मप्रसार करणाऱ्या संत बोनिफेसने आठव्या शतकात तेथील मूर्तिपूजकांचा पवित्र ओक तोडला, ही हकिगत जुनी. त्या जागी फर उगवल्याची कथा मागाहून जोडलेली दिसते. स्ट्रासबुर्ग येथे 1605 मध्ये घरात फर उभारून त्यावर कागदी गुलाब, सफरचंदे आणि पापडीसारख्या पातळ वड्या लटकविल्याचा उल्लेख मात्र खात्रीचा आहे. पोर्तुगालमध्ये हे झाड एकोणिसाव्या शतकात आले. त्याचे श्रेय राणी दुसरी मारिया हिचा जर्मन पती फर्नांदो याला देतात. त्याआधी पोर्तुगीज नाताळाच्या मध्यभागी गोठा होता, आणि गोव्यातही मान गोठ्याचाच राहिला आहे.

गोव्यातील परिस्थिती : पोर्तुगीज सत्ता 1510 मध्ये आली. यूरोपातील हिवाळ्यात सारे रान निष्पर्ण असताना जे हिरवे राहते, त्याचे अप्रूप या आराशीमागे आहे. गोव्यात डिसेंबरात माड, आंबा, फणस, काजू सगळेच हिरवे असतात. लिस्बनमध्ये वर्षातला सर्वांत लहान दिवस सुमारे साडेनऊ तासांचा, तर गोव्यात सव्वाअकरा तासांचा. त्यामुळे सदाहरित झाडाचा मूळ संकेत येथे उरत नाही. उरते ती सणाला दारी हिरवे हवे ही भावना, आणि ती या मातीत आधीपासूनच होती. चतुर्थीची माटोळी (गणपतीवर टांगलेली फळापानांची चौकट), दारावरचे आंब्याचे तोरण, लग्नाचा माटव (मांडव) ही तिचीच रूपे होत. म्हणूनच धर्मसत्तेचे या हिरवाईकडे बारीक लक्ष होते. इन्क्विझिशनच्या (कॅथलिक धर्मन्यायालयाच्या) 1736 च्या फर्मानाने धर्मांतरितांच्या घरी-परसात तुळस ठेवण्यास बंदी केली; लग्नातील फुले, पाने, सुपारी यांच्या वापरावरही निर्बंध घातले. (या फर्मानाचा परिचय अ. का. प्रियोळकर यांच्या लेखनामुळे अभ्यासकांना झाला.) तुळस गेली, पण बांबू आणि झावळ्यांचा माटव ख्रिस्ती लग्नांतही टिकला, आणि त्याच झावळ्या आज गोठ्याच्या छपरावर चढतात.

सुरू : गोव्यातील ‘नाताळचे झाड’ म्हणजे बहुधा सुरूची फांदी. सुरू (कॅझुअरिना इक्विसेटिफोलिया) पाइनसारखा दिसला तरी तो सूचिपर्णी नव्हे, सपुष्प वृक्ष आहे. त्याच्या ‘सुया’ पाने नसून सांध्यासांध्यांच्या हिरव्या काड्या असतात. खरी पाने प्रत्येक सांध्यावर 6 ते 8 बारीक खवल्यांच्या रूपात असतात. काडी ओढली की सांध्यावर अलगद सुटते, पुन्हा तशीच बसवता येते. मुले ‘कुठे तुटली ते ओळख’ असा खेळ खेळतात. शंकूसारखी दिसणारी बोंडे हे फळांचे लाकडी झुबके होत. मराठीतील ‘सुरू’ हे नावही सायप्रसवाचक फार्सी ‘सर्व’वरून आलेले असावे, तसे असल्यास नावातही तो दुसऱ्या झाडाच्या जागी उभा आहे. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर, विशेषतः कारवार भागात, त्याची पद्धतशीर लागवड एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाली. म्हणून गोव्यातील ही चाल त्याहून फार जुनी मानता येत नाही. फांदी रंगाच्या रिकाम्या डब्यात ओली वाळू आणि चिऱ्याचे तुकडे ठासून उभी करतात, बर्फ म्हणून कापूस विंचरून लावतात.

रोपवाटिकांत ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून मिळणारे कुंडीतले झाड अरौकेरिया होय. ते नॉरफक बेटाचे समजले जाते, पण पुष्कळदा न्यू कॅलेडोनियाची जात (अ. कोलम्नॅरिस) निघते, ही जात वाढताना विषुववृत्ताकडे कलते. प्लास्टिकची झाडे आता सर्वत्र आहेत.

नाचणीचे कोंब : गोठ्यातील शेत-कुरण दाखविण्यासाठी नाताळाच्या आठ-दहा दिवस आधी नाचणी, क्वचित गहू, ताटलीत किंवा करवंटीत ओल्या मातीवर पेरतात. सावलीत ठेवले तर कोंब पिवळसर आणि उंच होतात, उन्हात ठेवले तर आखूड व गर्द. दक्षिण पोर्तुगालमधील आल्गार्व्ह प्रांतातही बाळ येशूभोवती गव्हाच्या कोंबांच्या ताटल्या मांडतात, आणि गोव्याच्या देवळांत नवरात्रात रुजवण (धान्याचे कोंब) घालतात. कल्पना पोर्तुगीज आणि धान्य व हात गोव्याचा, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. भाताची कापणी उरकलेली असल्याने जमिनीवर अंथरायला ताजा पेंढा मिळतो.

आरास 6 जानेवारीपर्यंत, म्हणजे बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या तीन राजांच्या फेस्तापर्यंत (सणापर्यंत) ठेवतात. रेईश मागुश, चांदोर व कासावली येथे त्या दिवशी मोठा उत्सव असतो. तोवर सुरूच्या काड्या तपकिरी होऊन सांध्यासांध्यांतून गळू लागलेल्या असतात.